श्रीलंका: नवरा बेपत्ता असेल तर जमिनीच्या कागदावर सही कुणाची?

रानजाई

श्रीलंका म्हटलं की आपल्याकडच्या गप्पा दोनच ठिकाणी जातात. एक एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचा प्रभाकरन, नाहीतर २०२२ च्या जुलैत राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यातल्या तलावात डुंबणारी पोरं. या सगळ्यात बायका कुठे होत्या असं विचारलं की लोक 'हो ना, फार हाल झाले बिचाऱ्यांचे' म्हणतात आणि पुढे सरकतात. मला हालांवर नाही, कागदांवर बोलायचंय.

उत्तरेकडच्या, म्हणजे जाफना भागातल्या तमिळांना तेसवळमै नावाचा रूढीचा कायदा लागू आहे. डचांनी तो १७०७ मध्ये लिहून काढला आणि आजही कोर्टात चालतो. त्यात बाईच्या नावावर जमीन असू शकते, हुंड्यात आलेली जमीन तर तिचीच. ऐकायला झकास. पण लग्न झालेल्या बाईला ती विकायची किंवा गहाण टाकायची तर नवऱ्याची लेखी संमती लागते. आता हा नवरा मे २००९ मध्ये, युद्धाच्या अखेरीस, मुळ्ळिवायक्कालच्या किनाऱ्यावर शेवटचा दिसलेला. त्यानंतर पत्ता नाही. जमीन हिची, सही त्याची. जिल्हा न्यायालयातून परवानगी आणता येते म्हणे. त्यासाठी वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात आणि पैशांसाठीच तर जमीन गहाण टाकायची होती!

सरकार आणि एलटीटीई यांच्यातलं युद्ध १९८३ ते २००९ चाललं. ते संपल्यावर उत्तर आणि पूर्व प्रांतांत मिळून सुमारे ९० हजार विधवा असल्याचा आकडा सरकारकडूनच आला. पण नवरा मेला असं ठरलं तरच विधवा. नाहीतर ना सवाष्ण, ना विधवा.

सरकारने २०१० मध्ये कायदा करून बेपत्ता माणसाच्या मृत्यूचा दाखला मिळणं सोपं केलं. बऱ्याच जणींनी तो घेतलाच नाही. कारण १८ मे २००९ ला वट्टुवाकलच्या पुलावर कितीतरी बायकांनी आपल्या हाताने नवऱ्याला, मुलाला लष्कराच्या स्वाधीन केलं होतं. जिवंत दिलेल्या माणसाचा मृत्यूचा दाखला घ्यायचा, तर आधी तो कुणाच्या ताब्यात कसा मेला हे कुणीतरी सांगायला हवं. ते सांगायला कुणी तयार नाही. २०१६ मध्ये 'बेपत्ता असल्याचा दाखला' द्यायची सोय झाली. त्यावर बँकेचं खातं, मालमत्ता सांभाळता येते, मृत्यू कबूल करावा लागत नाही. तरतूद चांगलीच आहे. पण तोवर सात वर्षं उलटून गेली होती.

कामानिमित्त मी काही महिने किलिनोच्चीत होते. तिथे कंदस्वामी कोविल या देवळापाशी, ए-९ रस्त्याच्या कडेला, २० फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्तांचे नातेवाईक धरणं धरून बसले. बहुतेक सगळ्या बायकाच. वर ताडपत्री, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे फोटोंच्या ओळी. प्रत्येकीच्या मांडीवर बटणाची प्लास्टिक फाइल. त्यात पोलिसातली तक्रार, मानवी हक्क आयोगाची पोच, रेडक्रॉसचं पत्र, निरनिराळ्या आयोगांपुढे दिलेल्या साक्षींचे नंबर, शाळेतला एक फोटो. एका मावशींनी मला एकेक कागद काढून दाखवला आणि मग तो सगळा गठ्ठा होता त्याच क्रमाने लावून होईपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. मार्च २०२२ मध्ये सरकारने अशा कुटुंबांना एक लाख रुपये देऊ केले, तेव्हा या बायका का चिडल्या हे ती फाइल पाहिली की कळतं.

तर माझं म्हणणं एवढंच: श्रीलंकेत परिघावर कोण आहे हे ओळखायचं असेल तर धर्म, भाषा नंतर बघा. आधी बघा, त्या माणसाची स्वतःची सही कुठे कुठे चालत नाही. यादी बरीच लांब होते. इथल्या मंडळींना माहिती असेल तर भर घाला.

चकली

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. मृत्यूचा दाखला घेतला असता तर निदान पुढचं आयुष्य मार्गी लागलं असतं ना? अडवणूक सरकारची की मनाची?

रानजाई

@चकली, बाळबोध अजिबात नाही, तिथल्या सुनाही सासवांना हेच विचारतात. काहींनी घेतलाही. पोरांच्या शाळेचं, रेशनचं अडलं की घ्यावाच लागतो. पण ज्यांनी घेतला त्यांना घरातूनच ऐकावं लागलं की तूच त्याला मारलंस. म्हणून म्हणते, दाखल्याचा नियम करताना कुणी या बायकांना विचारलंच नव्हतं.

पोलादी_मनगट

एकतर्फी धागा. एलटीटीईने आत्मघाती हल्लेखोर बायका तयार केल्या, आपल्या माजी पंतप्रधानांना मारलं, शाळकरी मुली पळवून हातात बंदुका दिल्या. त्यावर चकार शब्द नाही. सगळा दोष सरकारचा?

रानजाई

@पोलादी_मनगट, मुद्दा रास्त आहे. शेवटच्या वर्षांत घरटी एक मूल मागायचे. मुलगी वाचावी म्हणून आईबाप सज्ञान होण्याआधीच तिचं लग्न लावायचे, कारण लग्न झालेलीला नेत नसत. अशी किती लग्नं लागली आणि त्यातल्या किती जणी विशीच्या आत एकट्या पडल्या, याबद्दल तिथे उघडपणे कुणी बोलत नाही. संघटनेच्या महिला पलटणींचं कौतुक मीही एकेकाळी वाचलंय, बायका रणगाड्यांसमोर उभ्या राहिल्या वगैरे. पण निर्णय कोण घेत होतं? तिथेही यांची सही नव्हतीच.

युद्धानंतर एलटीटीईच्या सुमारे १२ हजार माजी लढवय्यांना सरकारने पुनर्वसन केंद्रांत ठेवून मग घरी सोडलं, त्यात बायकाही होत्या. त्या घरी आल्या तेव्हा केस आखूड, अंगात छर्रे. पूर्वी 'अक्का' म्हणून मान देणारा गाव आता लग्नाचं स्थळ आलं की हळूच कानात सांगायचा, 'ती तिकडची आहे.' वरून साध्या वेशातली माणसं अधूनमधून चौकशीला घरी यायची. एकट्या बाईच्या घरी पुरुष वरचेवर येतात म्हटल्यावर शेजारी काय बोलतात ते सांगायला नको.

आणखी एक सांगते. मुहमालैच्या सुरुंगांच्या पट्ट्यात माती खरवडायला गेली कित्येक वर्षं याच भागातल्या बायका आहेत. तोंडावर जाड काच, अंगात चिलखती जाकीट, गुडघ्यावर बसून दाताळ्याने थोडी थोडी माती मागे ओढायची. काहींचे नवरे त्याच युद्धात गेलेत. पगार महिन्याच्या महिन्याला आणि स्वतःच्या खात्यात येतो. त्या भागात बाईला इतकी नियमित नोकरी दुसरी नाही. याला समता म्हणायचं का, मला ठरवता येत नाही.

शमा_दापोली

यादीत मुसलमान बायका घाला. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुसलमानांना हाकललं, ७० हजारांवर माणसं. जाफना शहरात तर दोन तासांची मुदत. मातृभाषा तमिळच, तरी. बहुतेक जण पुत्तळमच्या छावण्यांत गेले आणि तिथेच दोन पिढ्या वाढल्या. म्हणजे युद्धाच्या हिशेबात या बायका ना सरकारच्या खात्यावर, ना तमिळांच्या.

आणि सहीचंच म्हणाल तर तिथला १९५१ चा मुस्लिम विवाह आणि घटस्फोट कायदा बघा. लग्नाच्या नोंदणीत नवरीची सही लागतच नाही! तिचा वली, म्हणजे घरातला पुरुष पालक, सही करतो. बाकी सगळ्यांना लग्नाचं वय १८, मुसलमान मुलींना मात्र किमान वयाची अटच नाही. १२ वर्षांखाली असेल तर काझीची परवानगी, बस्स. काझी पुरुषच. माझ्या निकाहनाम्यावर माझी सही आहे, आईच्याही आहे. आमच्या कोकणात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. हे बदला म्हणून तिथल्या मुसलमान बायकाच तीस-पस्तीस वर्षं भांडताहेत. २००९ मध्ये माजी न्यायमूर्ती सलीम मरसूफ यांची समिती बसली, अहवाल यायला २०१८ उजाडलं. पुढच्याच वर्षी एका अतिरेकी मुस्लिम गटाने ईस्टरचे बॉम्बस्फोट घडवले आणि बुरख्यावर राग निघायला लागला. अशा वेळी घरचे म्हणतात, आत्ता नको, लोक आपल्यावर टपलेत. 'आत्ता नको' हे बाईला सगळ्याच समाजांत ऐकावं लागतं, पण तिथे त्याला दरवेळी ताजं कारण मिळतं. कोविडमध्ये तर मयत जबरदस्तीने जाळत होते, २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा लग्नाच्या कायद्याचं कोण बोलणार!

कुन्नूरचा_कुलकर्णी

नोकरीमुळे निलगिरीत मुक्काम आहे, म्हणून लिहितो. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे तमिळ वेगळे आणि जाफन्याचे तमिळ वेगळे, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसतं. मळ्यांवरच्यांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून नेलं, आधी कॉफीसाठी, मग चहासाठी. ते स्वतःला मलैयह तमिळ, म्हणजे डोंगरातले तमिळ म्हणवतात. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४८ ला, नागरिकत्वाचा कायदा करून यांना बेवतन केलं. ऑक्टोबर १९६४ मध्ये आपले पंतप्रधान शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला: सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख त्यांनी ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. माणसं वाटून घेतली, साध्या भाषेत. त्यातल्या एकालाही विचारलं नव्हतं.

इथे निलगिरीत सरकारी चहा महामंडळाचे मळे याच परत आलेल्यांसाठी १९६८ पासून उभे राहिले. आमच्या इथल्या एक आजी नुवरा एलियाजवळ जन्मल्या. तिकडे त्यांना 'तुम्ही भारतातले' म्हणून पाठवलं, इकडे पन्नास वर्षं 'सिलोनवाले' म्हणतात. बहीण तिकडेच राहिली, कारण तिच्या नवऱ्याच्या अर्जावर दुसऱ्या देशाचं नाव पडलं. अर्ज नवऱ्याच्या नावाने, बायको त्याच्यामागे.

तिकडे राहिलेल्यांना पूर्ण नागरिकत्व २००३ च्या कायद्याने मिळालं. पण घर मळ्याच्या मालकीच्या लाइनीतली खोली, जेमतेम दहा बाय बारा. जमीन नावावर नाही. वर्षानुवर्षं टपालाचा पत्ता म्हणजे मळ्याचं ऑफिस, म्हणजे नोकरीचं पत्र आलं तरी ते साहेबाच्या टेबलावरून येणार. पानं खुडणाऱ्या जवळपास सगळ्या बायका, वजन करणारा नि हिशेब लिहिणारा पुरुष. बऱ्याच मळ्यांत १८ किलोंचा कोटा भरला तरच पूर्ण रोज. हजार रुपये रोज मिळावा म्हणून वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, तो मिळाला २०२१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी महागाईने त्या हजारांचं पाणी केलं.

सुभेदार_निवृत्त

आपली शांतिसेना १९८७ ते १९९० तिथे होती. आमच्या महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथे पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अकराशेच्या वर जवान गेले. त्यांच्या बायकाही विधवाच झाल्या, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत. धाग्यात त्यांचा उल्लेख दिसला नाही म्हणून लिहिलं.

रानजाई

काका, नमस्कार. तुमचं बरोबर आहे, त्या विधवांनाही 'कुठल्या युद्धात गेला' याचं धड उत्तर देता येत नव्हतं, कारण ते आपलं युद्धच नव्हतं. पण राग मानू नका, जाफन्यात शांतिसेनेचं नाव वेगळ्या कारणांनी निघतं. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, नर्सेस, रुग्ण मिळून साठाहून अधिक माणसं मेली. बायकांवरच्या अत्याचारांचे आरोपही आहेत आणि त्यांचीही दाद कुठे लागली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

सुभेदार_निवृत्त

रागाचा प्रश्न नाही. ताई, मी तिथे होतो. यापेक्षा जास्त इथे लिहिणार नाही.

जुनी_कात्रणं

दक्षिणेतल्या सिंहली आयांचं कुणी लिहिलं नाही. १९८७ ते ८९ जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाचा उठाव मोडताना हजारो सिंहली पोरं अशीच गायब झाली होती. त्यांच्या आयांनी 'मदर्स फ्रंट' काढला, त्याआधी १९८४ मध्ये जाफन्यातल्या तमिळ आयांनी त्याच नावाने काढला होता. दक्षिणेतल्या या आयांच्या मागे उभा राहिलेला तरुण खासदार कोण? महिंदा राजपक्ष. १९९० मध्ये बेपत्तांचे फोटो आणि कागद घेऊन जिनिव्हाला निघाला, तर विमानतळावर पोलिसांनी ते काढून घेतले. तोच माणूस २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होता! आणि त्या आयांनी केलं काय, तर १९९२ मध्ये कोलंबोतल्या काळीच्या देवळात जाऊन नारळ फोडून राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांना शिव्याशाप दिले. पुढच्या वर्षी १ मेला प्रेमदासा बॉम्बस्फोटात गेले. बायका म्हणाल्या, देवीने ऐकलं. कोर्टाने ऐकलं नाही की लोक देवीकडे जातात, हे आपल्याकडच्यांनाही पटेल.

चकली

बाप रे, हे ठाऊकच नव्हतं. तमिळ आणि सिंहली आया कधी एकत्र आल्या का मग?

रानजाई

थोड्याफार. भाषा आड येते, आणि सिंहली बाईच्या एका मुलाला जेव्हीपी म्हणून नेलेलं असतं तर दुसरा सैन्यात गेलेला असतो. पण २०२२ च्या एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर सरकारविरोधी आंदोलकांचा जो तळ पडला, त्यात एक गोष्ट पहिल्यांदा झाली. १८ मे ला तिथे मुळ्ळिवायक्कालच्या मृतांची आठवण जाहीरपणे केली गेली आणि सिंहली पोरांनी रांगेत उभं राहून ती कांजी घेतली. कांजी म्हणजे नुसता तांदूळ, पाणी, असलंच तर मीठ. शेवटच्या महिन्यांत वेढ्यातली माणसं त्यावर जगली, म्हणून दर मे महिन्यात ती वाटतात. पुढच्याच महिन्यात तिथूनच प्राइडचा मोर्चा निघाला. पण फार हुरळून जाऊ नका. २०२४ च्या मे मध्ये त्रिंकोमालीकडे संपूरला हीच कांजी वाटली म्हणून बायकांना अटक झाली.

इंद्रधनू_पुणे

प्राइडचं नाव निघालं म्हणून. तिथल्या दंडसंहितेत इंग्रजांच्या काळातलं समलिंगी संबंधांविरुद्धचं कलम ३६५-अ अजून आहे, आपल्या जुन्या ३७७ चं भावंड. गंमत (?) म्हणजे १९९५ मध्ये कायदा सुधारायला बसले, तेव्हा कलम काढायचं सोडून त्यात बायकांनाही गुन्हेगार केलं. ही त्यांची लिंगसमानता! मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कलम काढायचं विधेयक घटनेविरुद्ध नाही. तरी ते संसदेत पास झालं नाही. ट्रान्स व्यक्तींना २०१६ पासून लिंगबदलाचं प्रमाणपत्र मिळून ओळखपत्र बदलता येतं, पण त्यावर मानसोपचारतज्ज्ञाची सही लागते. रानजाई, तुमच्या यादीत अजून एक.

कृष्णाकाठ

बचतगट, मायक्रोफायनान्स यांवर लिहा की. आमच्याकडे आठवड्याच्या हप्त्याला बायका कशा तोंड लपवतात ते रोज बघतो.

रानजाई

@कृष्णाकाठ, हा एकच कागद आहे जिथे बाईची सही लगेच चालते! युद्ध संपलं, ए-९ रस्ता उघडला आणि त्यावरून पहिल्या आल्या त्या कर्ज देणाऱ्या कंपन्या. तारण नको, नवऱ्याची संमती नको, पाचजणींचा गट पुरे. व्याज इतकं की २०१८ मध्ये मध्यवर्ती बँकेला ३५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. मर्यादाच पस्तीस, तर आधी काय असेल ते बघा. वसुलीला येणारी पोरं अंधार पडला तरी अंगणातून हलत नसत. त्याच वर्षी दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची एक लाख रुपयांपर्यंतची काही कर्जं सरकारने माफ केली, पण आत्महत्या तोवर होऊन गेल्या होत्या. २०२१ मध्ये पोलन्नरुव जिल्ह्यात हिंगुरक्गोडला कर्जदार बायका सत्याग्रहाला बसल्या, तेव्हा तिथे सिंहली बायकाच पुढे होत्या.

मग २०२२. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांना टेकली, धान्य-भाजीची तर नव्वदीपार. डॉलर हवेत म्हणून सरकारला काय सुचलं? घरकामाला आखातात जाणाऱ्या बायकांचं किमान वय २१ वर आणलं. त्याआधी २०१३ पासून नियम असा की पाच वर्षांखालचं मूल असलेल्या आईने जायचंच नाही, आणि इतर आयांनीही घरच्या परिस्थितीचा अहवाल आणायचा. बापाला असला कुठलाही अहवाल नाही. तिजोरीत डॉलर होते तोवर तिचं आईपण राष्ट्राला महत्त्वाचं, डॉलर संपले की जा बाई सौदीला.

पोलादी_मनगट

हे सगळं ठीक. पण जगातली पहिली महिला पंतप्रधान त्यांचीच ना, १९६० ला? मतदानाचा हक्क १९३१ पासून. आता २०२४ मध्ये परत महिला पंतप्रधान, हरिणी अमरसूर्या. त्या कुणाची बायको, मुलगी म्हणून आलेल्या नाहीत. प्राध्यापक होत्या. बदल होतोय की.

रानजाई

होतोय. २०२४ च्या निवडणुकीत २२५ पैकी बाविसेक बायका निवडून आल्या, त्याआधी कधी पाच-सहा टक्क्यांच्या वर गेल्या नव्हत्या. चहामळ्यांच्या समाजातल्या बायका तर पहिल्यांदाच संसदेत दिसल्या. सरकारी जमिनीच्या वारसात थोरल्या मुलालाच पसंती द्यायचा जो १९३५ चा कायदा होता, तो २०२२ मध्ये बदलला, हेही खरं.

पण खाली गावात बघा. स्थानिक संस्थांत २५ टक्के महिला कोटा आला आणि २०१८ च्या निवडणुकीत दोन टक्क्यांवरून एकदम वीसच्या वर गेल्या. आता खुबी ऐका. वॉर्डातल्या उमेदवारांत फक्त १० टक्के बायका हव्यात, आणि पक्षाच्या जादा यादीत ५० टक्के. त्यामुळे बहुतेक जणी यादीतून आल्या. यादीतून आलेलीला स्वतःचा वॉर्ड नाही. गटाराचं, रस्त्याच्या दिव्याचं काम घेऊन लोक जातात ते वॉर्डवाल्याकडे, म्हणजे पुरुषाकडे, आणि पुढच्या वेळी वॉर्डाचं तिकीटही त्यालाच, कारण 'काम कुणी केलं?'

कृष्णाकाठ

निदान सरपंचपती तरी नाही म्हणायचा तिथे.

रानजाई

वॉर्डच नाही तर पती काय चालवणार! मुस्लिम विवाह कायद्याच्या सुधारणांचं पुढे नक्की कुठे अडलं त्यावर @शमा_दापोली यांनी वेगळा धागा काढावा, मी तिथे येते. इथे मिसळलं तर दोन्ही विषय बुडतील.